लंबकामागच्या चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुने किल्लीचे घड्याळ आहे. काळपट लाकडाची पेटी, पांढरी तबकडी आणि खाली पितळी लंबक. आठ दिवसांतून एकदा किल्ली दिली की पुढचे आठ दिवस मी कुरकुर न करता चालतो. आता एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही मला हसणार नाही. मी फार भित्रा आहे. माणूस घाबरला की त्याचे काळीज धडधडते, पाय पळायला लागतात, निदान तोंडातून किंकाळी तरी निघते. आम्हाला त्यातले काहीच जमत नाही. आत कितीही हललो तरी बाहेर टिकटिक तीच. त्यामुळे माझी सगळी भीती पेटीतच साठून राहिली आहे. आज ती थोडी बाहेर काढतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. पण मला खरे आयुष्य दिले ते एका घड्याळजीने. कुणी एक गिऱ्हाईक मला मोडक्या अवस्थेत त्याच्या दुकानात टाकून गेले आणि न्यायला परत फिरकलेच नाही. घड्याळजीने वर्षभर मला टाकूनही दिले नाही आणि विकलेही नाही. मग एका दुपारी डोळ्याला भिंग लावून त्याने मला उघडले, एकेक चाक धुतले, नवी स्प्रिंग घातली आणि लंबकाला बोटाने हलकेच ढकलले. मी चाललो. तेव्हा त्याची म्हातारी आई तेलाचे फडके घेऊन आली आणि तिने माझी पेटी लखलखीत केली. तिला सगळे आजी म्हणत, म्हणून मीही म्हणतो.

ते दिवस माझ्या वैभवाचे होते. पुढे दुकान, मागे घर. दुकानात पंचवीस-तीस घड्याळे होती, पण गल्लीतली माणसे आपली मनगटी घड्याळे लावायची ती माझ्याकडे बघून. शाळेचा शिपाई रोज सकाळी डोकावून जाई. घड्याळजी छाती फुगवून म्हणे, "हे घड्याळ चुकलं तर समजायचं सूर्य चुकला." मी संकोचाने आणखी नेमका चालायचो.

याच घरात घड्याळजीची मुलगी जन्मली. ती बोलायला लागली आणि मग थांबलीच नाही. झोपेतही बडबडायची. आजीने तिचे नाव ठेवले टिकटिक. "एक भिंतीवर, एक जमिनीवर," आजी म्हणायची. "भिंतीवरच्याला निदान किल्ली लागते."

मग गावातले वारे फिरले. का फिरले ते मला नीट सांगता येणार नाही. भिंतीवरून जेवढे दिसते तेवढेच मला कळते. आधी गिऱ्हाइके कमी झाली. मग ओळखीची माणसे दुकानासमोरून मान वळवून जाऊ लागली. शाळेचा शिपाई यायचा बंद झाला. आणि एका दुपारी गल्लीतली सगळी शटरे एकामागोमाग धडाधड खाली आली. बाहेर आरडाओरडा, काचा फुटल्याचे आवाज. घड्याळजीने आई, बायको आणि मुलीला कामाच्या टेबलाखाली घातले आणि स्वतःही त्यांना झाकून तिथेच बसला. टिकटिकच्या तोंडावर तिच्या आईने हात ठेवला होता.

पावले आमच्या दाराशी येऊन थांबली. "इथं कुणी नाही वाटतं," एक आवाज म्हणाला.

आणि मित्रांनो, नेमके तेव्हाच तीन वाजले.

मी काय करू शकत होतो? ठोके देणे माझ्या हातात नाही. हातोडी आपोआप उचलली जाते. एक, दोन, तीन. दुकानभर घुमले. टेबलाखाली आजीने डोळे मिटले. मला वाटले, मी यांना पकडून दिले. बाहेर दोन क्षण शांतता होती. मग शटरवर दगड बसले, ते खालून उचकटले गेले, दर्शनी काच फुटून आत सांडली, दोन-चार हात आत आले आणि हाताला लागतील ती घड्याळे घेऊन गेले. कोणी वाकून टेबलाखाली पाहिले नाही. घरातले सगळे वाचले. पण त्या दिवसापासून मला माझ्याच आवाजाची भीती बसली, ती बसलीच.

पंधरा दिवसांत त्यांनी देश सोडला. आजी मात्र हटून बसली. "मी आता कुठं येऊ? मला माझ्या बहिणीकडं सोडा, शेजारच्या गावात. तिथं मला कोण काय करणार आहे?" घड्याळजी रडला, चिडला, पायाही पडला. आजी ऐकेना. तिने मला स्वतः भिंतीवरून उतरवले, टिकटिकच्या दोन स्वेटरांत गुंडाळले आणि मुलाच्या हातात दिले. "हे घेऊन जा. याची वेळ बदलू नका. म्हणजे मी कधी उठले, कधी जेवले, कधी आडवी झाले, ते तुम्हाला तिथं बसून कळेल."

अशा तऱ्हेने मी परदेशी निघालो, स्वेटरात गुदमरत आणि दर हेलकाव्याला स्प्रिंग तुटेल या धास्तीत.

नव्या देशात त्यांना दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. भिंतीला नवा खिळा ठोकायचा नाही, अशी मालकिणीची अट होती. जुना एकच खिळा होता, तोही पार छताजवळ. घड्याळजीने मला तिथे टांगले. समोर खिडकी होती, पण टिकटिकची आई तिचा पडदा कायम ओढून ठेवायची. "लोकांना कशाला दिसायला हवं आपण कोण आहोत ते," ती म्हणायची. मी इतक्या उंचावर होतो की पडद्याच्या दांडीवरून मला समोरचे औषधाचे दुकान दिसायचे. त्याच्या पाटीवर लाल आकड्यांचे घड्याळ होते. घरातल्या बाकी कोणाला ते दिसत नसे.

माझी वेळ आजीची आणि बाहेरची वेळ या देशाची. फरक पाच तासांचा. मी बारा दाखवले की बाहेर सकाळचे सात. घरातले सगळे माझ्याकडे बघून मनात पाच वजा करायचे. टिकटिकची आई गॅसवर चहा ठेवताना पुटपुटायची, "बारातून पाच गेले सात, उठा आता." घड्याळजी आपले मनगटी घड्याळही माझ्यावरूनच पाच तास मागे लावायचा. दुसऱ्या कुणाचे घड्याळ बघणे म्हणजे त्याला अपमान वाटे. आता त्याच्याकडे दुकान नव्हते. तो बिस्किटांच्या कारखान्यात खोक्यांना चिकटपट्टी लावायचा. केसाइतका बारीक स्क्रू फिरवणारी ती बोटे संध्याकाळी चिरलेली असायची. साऱ्या घरात त्याचे म्हणून उरलेले मीच होतो. त्यामुळे माझ्या वेळेबद्दल कोणी शंका काढलेली त्याला खपत नसे.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले की टिकटिक माझ्याकडे बघून म्हणायची, "आता आजी झोपली." आणि तिघेही नकळत हळू आवाजात बोलू लागायचे.

पण खरे सांगायचे तर त्या घरात हळू बोलायला आजीचेच कारण लागत नव्हते. ते घर भीतीवरच चालले होते. जिन्यावर पावले वाजली की तिघे बोलता बोलता थांबत. पावले वर निघून गेली की राहिलेले वाक्य पुरे करत. दारातल्या फटीतून लिफाफा आत सरकला की तो अर्धा तास तिथेच पडून राही, कोणी उचलत नसे. मी ठोके दिले की वरच्या मजल्यावर ठक ठक आवाज यायचा. वर एक म्हातारा एकटा राहत होता. "काठी आपटतोय," टिकटिकची आई घाबरून म्हणाली. "आपल्या घड्याळाचा त्रास होतोय त्याला. उद्या तक्रार करेल. मग?"

घड्याळजीने स्टूल घेतले, माझे वरचे काचेचे दार उघडले आणि माझ्या हातोडीला जुन्या मोज्याचा तुकडा गुंडाळून दोरा बांधला. तेव्हापासून ठोक्याच्या वेळी माझ्या आतून फक्त धप धप आवाज येई, उशीवर मारल्यासारखा. तुम्हाला वाटेल मला राग आला असेल. नाही. मला हायसेच वाटले. न जाणो, पुन्हा एकदा नको त्या वेळी तीन वाजले तर?

त्याच आठवड्यात टिकटिकची शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी घड्याळजीने तिला समोर बसवले आणि तिच्या खांद्यांवर हात ठेवून सांगितले, "हे बघ बाळ. आपले इथं राहायचे कागद अजून व्हायचे आहेत. घरातलं बाहेर काही बोलायचं नाही. नीट विचार करून तोंड उघडायचं. आपला एक शब्द जरी चुकला ना, तर हे लोक आपल्याला परत पाठवतील. कळलं?"

टिकटिकने मान हलवली. ती आठ वर्षांची होती. आठ वर्षांचे मूल मान हलवते तेव्हा ते किती समजले असते, हे मोठ्यांना विचारायला सुचत नाही.

पहिला आठवडा गेला. टिकटिक शाळेतून यायची, दप्तर ठेवायची, खिडकीखाली बसायची. घरी थोडेफार बोलायची, पण तेही विचारले तेवढेच. आई म्हणाली, "मोठी झाली माझी लेक. शांत झाली." मला मात्र ते शांत होणे काही बरे वाटेना.

मग एका दुपारी आई खाली कपडे वाळत घालायला गेली असताना टिकटिकने स्टूल ओढले. स्टुलावर पाटाएवढी उशी ठेवली आणि वर चढली. वाटले, आता ही पडणार, नाहीतर मला पाडणार. तिने माझे खालचे दार उघडले. हे दार वेगळे आहे बरे का. किल्ली द्यायला वरचे काचेचे दार उघडतात. लंबकाचे लाकडी दार वर्षातून एकदा, तेल घालायच्या वेळी. ते तिला माहीत होते, घड्याळजीची मुलगी होती ती. तिने फ्रॉकच्या खिशातून एक चिठ्ठी काढली, तिची बारीक घडी केली आणि माझ्या लंबकामागे सारली.

चार दिवसांनी दुसरी आली. मग तिसरी. मला ती भाषा वाचता येत नव्हती. पण चिठ्ठी ठेवताना तिची बोटे गार असायची, त्यावरून त्यात चांगले काही लिहिलेले नसणार, एवढे कळायचे. चिठ्ठ्या वाढत गेल्या. माझा लंबक अंग चोरून हलू लागला. हे घड्याळजीला दिसले, तर पोरीचे काय होईल? आणि नाही दिसले, तर माझे काय होईल? दोन्हीकडून माझीच पंचाईत.

थंडी ओसरत आली तेव्हा दाराच्या फटीतून एक जाड लिफाफा आला. कारखान्यातल्या एका जाणत्या माणसाकडून घड्याळजीने तो वाचून घेतला. सोमवारी सकाळी नऊ वाजता कचेरीत मुलाखत. तिघांनीही हजर राहायचे. नाव तीनदा पुकारतात. तिसऱ्या वेळी कोणी उभे राहिले नाही, तर कागद बंद करून टाकतात. मग या देशातून निघायचे.

"निघून जायचं कुठं?" टिकटिकच्या आईने विचारले. घड्याळजीने लिफाफ्याची घडी करून ती खिशात ठेवली.

त्या आठवड्यातली एक चिठ्ठी मला नीट आठवते. ती जाड पुठ्ठ्याची होती. तिच्यावर चक्क माझ्यासारख्या एका गोल तोंडाच्या घड्याळाचे चित्र होते आणि तासकाट्याजवळ वळणारा बाण. मला गंमत वाटली. कोणीतरी माझी चौकशी केली म्हणायची. टिकटिकने ती पाहिली न पाहिली आणि बाकीच्या चिठ्ठ्यांवर उभी करून ठेवली.

रविवार उजाडला. घड्याळजीने मला किल्ली दिली. त्याचा हात इतका जोरात फिरत होता की मी खिळ्यावर हललो. "या आठवड्यात आईला रविवारचा फोन नको," तो म्हणाला. "उद्याचं होऊ दे. मग काय ती बातमी देऊ." दिवसभर कोणी बाहेर गेले नाही. पडदा बंद. तिघे जमिनीवर बसून उत्तरे पाठ करत होते. तुम्ही कुठून आलात? का आलात? त्या दिवशी काय झाले? टिकटिकची आई मध्येच चुकायची आणि कपाळावर हात मारून घ्यायची.

मी बारा दाखवले. सवयीने दांडीवरून समोर पाहिले. लाल आकडे म्हणत होते, आठ.

सात हवे होते.

मित्रांनो, मला पहिल्यांदा काय वाटले सांगू? माझेच चुकले. आपण म्हातारे, परके. आपणच तासभर मागे पडलो असणार. समोरचे घड्याळ कसे चुकेल, ते तर इथलेच आहे. मी भीतीने माझे काटे, चाके, सगळे आठवून पाहिले. कुठेही खोट नव्हती. एक वाजला, समोर नऊ. दोन वाजले, समोर दहा. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते चित्र! तो बाण! या देशाने आपली सगळी घड्याळे तासभर पुढे ढकलली होती. थंडी संपली की हे लोक तसे करतात. आम्ही आलो ते थंडीच्या तोंडाशी, त्यामुळे आमच्या घरात कोणाला हे ठाऊकच नव्हते. उद्या हे तिघे माझ्यावर विश्वास ठेवून निघणार आणि नाव तीनदा पुकारून झाल्यावर तिथे पोहोचणार. ते टाळणारी चिठ्ठी माझ्याच पोटात होती आणि मला ते सांगता येत नव्हते.

तो दिवस मी कसा काढला, ते मला विचारू नका. दर तासाला माझी हातोडी मोज्यातून धप धप करायची. मला वाटायचे, आता तरी कोणी वर बघेल. कोणी बघितले नाही.

सोमवारी सकाळी सगळे नीटनेटके कपडे घालून तयार होते. "साडेबाराला निघू," माझ्याकडे बघत घड्याळजी म्हणाला. "म्हणजे साडेसात. पाऊण तास बसचा. आपण आधीच जाऊन बसू." समोरच्या पाटीवर आठ वाजून गेले होते.

तेवढ्यात माझ्या लंबकाला काहीतरी घासले. ती पुठ्ठ्याची चिठ्ठी. कालच्या किल्लीच्या हिसक्याने ती तिरकी झाली होती आणि आता हळूहळू घसरत होती. मी रविवारभर भीतीने थरथरत होतो म्हणून ती घसरली, असे मला आजही वाटते. घड्याळजी म्हणेल, घड्याळ कधी थरथरतं का, काहीतरीच. असो. लंबक एकदा अडखळला, दुसऱ्यांदा अडखळला. टिक झाले. टक झालेच नाही.

खोलीत एकदम शांतता पसरली. टिकटिकची आई केस विंचरता विंचरता थांबली. "अहो, घड्याळाचा आवाज येत नाही." तिने कंगवा खाली ठेवला. "आजच का बंद पडावं? तिकडं आईंना तर काही..."

"काहीतरी बोलू नकोस," घड्याळजी म्हणाला, पण बूट घातलेल्या पायांनीच तो स्टुलावर चढला. वरचे दार उघडले. किल्ली भरलेली होती. काटे ठीक होते, बारा वाजून सात मिनिटे. मग त्याने खालचे दार उघडले आणि चिठ्ठ्यांचा ढीग त्याच्या छातीवरून जमिनीवर सांडला.

टिकटिक भिंतीला चिकटून उभी होती.

"हे काय आहे?" घड्याळजीने विचारले. "शाळेतून आलंय? तू लपवलंस?" आईने चिठ्ठ्या गोळा केल्या. एकोणीस होत्या. "अगं बाई, एवढ्या! काय केलंस तू शाळेत? आज मुलाखत आणि आज हे..."

घड्याळजीला त्या भाषेतले एक अक्षर येत नव्हते. पण सगळ्यात वरच्या पुठ्ठ्याकडे बघून तो थबकला. अठरा चिठ्ठ्या त्याला वाचता आल्या नाहीत. एकोणिसावी त्याने भिंगाशिवाय वाचली. तबकडी, काटा, बाण. त्याने मनगटाकडे पाहिले. सात वाजून दहा. स्टुलावरून उडी मारून त्याने पडदा ओढला. त्या घरात तो पडदा असा पहिल्यांदाच उघडला गेला. समोर लाल आकडे होते, आठ वाजून दहा मिनिटे.

"टिकटिक," तो म्हणाला, "यावर काय लिहिलंय?"

तिचे ओठ हलले. "रविवारी सगळ्यांनी... घड्याळ एक तास पुढं करायचं."

पुढे काय झाले ते फार भरभर झाले. आईने कागदांची पिशवी उचलली, घड्याळजीने मुलीचा हात धरला, दार आपटले, जिन्यावरून तीन जोड्या पावले धडधडत गेली. पहिल्यांदाच त्या पावलांनी आवाजाची पर्वा केली नाही. पाऊण तासाचा रस्ता, पन्नास मिनिटांची मुदत आणि बस कधी येईल याचा पत्ता नाही.

मला पुन्हा चालवायला घाईत कोणी लंबक ढकलला नाही.

मित्रांनो, सगळ्यात मोठी भीती मी तेव्हा भोगली. मी थांबलेलो होतो. पडदा उघडलेल्या खिडकीतून ऊन आत आले होते आणि ते जमिनीवरून सरकत होते, पण किती वेळ गेला ते मला कळत नव्हते. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना वेळ सांगितली, त्याला स्वतःला वेळ विचारायला कोणी नव्हते. ते पोहोचले असतील? नाव पुकारून झाले असेल? ते परत येतील की तिथूनच त्यांना पाठवून देतील? मला इथे खिळ्यावर कोण सापडेल, मालकीण? तीही मला काढून टाकेल. आजीची वेळ मग कोणाजवळ राहील? माझे काटे बारा वाजून सात मिनिटांवर होते आणि मला वाटत होते, आता कायम तेवढेच वाजणार.

ऊन समोरच्या भिंतीवर चढले तेव्हा कुलुपात किल्ली फिरली.

आधी आई आत आली आणि कोटासकट खुर्चीत बसली. मग घड्याळजी. मग टिकटिक. ती बोलत होती! जिन्यापासून बोलत आली असावी, कारण वाक्य मधूनच सुरू झाले. "...आणि तो माणूस चुकीचंच सांगत होता बाबा, तुम्हाला कळलं नाही, मला कळलं!"

पुढे ही हकीकत त्या घरात इतक्यांदा सांगितली गेली की मी तिथे हजर नव्हतो, हे मलाच खरे वाटत नाही. नाव दुसऱ्यांदा पुकारले तेव्हा ते दारातून धापा टाकत आत शिरले होते. दुभाषी कचेरीनेच दिला होता. तो कंटाळलेला होता आणि घड्याळजीच्या बोलण्यातले निम्मे गाळत होता. "माझं दुकान फोडलं," घड्याळजी म्हणाला. दुभाष्याने सांगितले, यांनी दुकान बंद केले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ते लिहून घ्यायला पेन टेकवले. आणि टिकटिक, साडेतीन महिन्यांत त्या भाषेत जिने तोंड उघडले नव्हते, ती उभी राहून म्हणाली, "बंद नाही केलं. फोडलं."

त्या बाईंनी पेन ठेवले. दुसरा दुभाषी मागवला. तो येईपर्यंत त्यांनी टिकटिकला विचारले, त्या दिवशी किती वाजले होते, ते आठवतं का? "तीन," टिकटिक म्हणाली. "आम्ही टेबलाखाली होतो आणि आमच्या घड्याळानं तीन ठोके दिले. आम्हाला वाटलं आता आम्ही मेलो." आईला आणि बाबांना वेगवेगळे विचारले तेव्हा तेही हेच म्हणाले. तिघांनी हे ठोके कधी पाठ केले नव्हते. म्हणजे जे ठोके दिल्याबद्दल मी स्वतःला दोष देत आलो, त्यांनीच त्यांची बाजू पक्की केली.

घरी आल्यावर घड्याळजीने त्या चिठ्ठ्या टिकटिकपुढे ठेवल्या. टिकटिकने एकेक वाचून दाखवली. जवळजवळ सगळ्या सारख्याच होत्या. तुमची मुलगी वर्गात एक शब्दही बोलत नाही. तुम्ही कृपया येऊन भेटा.

"का गं नाही बोललीस?" त्याने विचारले. आवाज चढवलेला नव्हता.

टिकटिक बुटांच्या नाड्यांकडे बघत म्हणाली, "तुम्हीच म्हणालात. एक शब्द चुकला तर परत पाठवतील. मला इथलं सगळं येत नव्हतं. चुकलं असतं. मग माझ्यामुळं तुम्हाला जावं लागलं असतं."

घड्याळजीने दोन्ही हातांनी तोंड झाकले. त्याला रडताना मी दोनदाच पाहिले आहे. एकदा आजीला सोडताना आणि एकदा हे. आईने लेकीला ओढून मांडीवर घेतले, आठ वर्षांच्या घोडीला. "चुकू दे गं," ती म्हणत राहिली. "हवं तेवढं चूक. खरी चूक आमची झाली."

मग घड्याळजी स्टुलावर चढला, माझ्या हातोडीचा मोजा सोडला आणि खिशात टाकला. तिघेही कोपऱ्यावरच्या सार्वजनिक फोनवर गेले, आजीला किती वाजले ते विचारायला. आल्यावर टिकटिकने स्वतः माझे काटे आजीने सांगितलेल्या वेळेवर लावले आणि लंबक ढकलला. "आता चार वजा करायचे," ती म्हणाली. आई कुरकुरली, "कधी चार, कधी पाच! या देशाचं काय ते एक नक्की नाही." पण पडदा तिने पुन्हा ओढला नाही.

दीड महिन्याने लिफाफा आला. तो अर्धा तास पडून राहिला नाही. टिकटिकने दारातच फोडला आणि वाचला. राहायची परवानगी मिळाली होती. आणि वरचा म्हातारा? तो काठी आपटत नव्हताच. माझ्या ठोक्यांना तो औषध घ्यायला उठायचा आणि काठी टेकत स्वयंपाकघरात जायचा. जिन्यात टिकटिकने त्याला गाठून हे काढून घेतले. मधे इतके दिवस ठोके आले नाहीत तेव्हा त्याच्या गोळ्या चुकल्या म्हणे. आम्ही त्याला भीत होतो आणि तो आमची वाट बघत होता.

त्याला आता खूप वर्षे झाली. आजी गेली, पण माझी वेळ तिचीच आहे. घड्याळजीचे हात कापतात, म्हणून मी टिकटिकच्या घरी राहायला आलो. ती दातांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. लोकांना तोंड उघडून बसवते आणि स्वतः बोलत सुटते. किल्ली द्यायची तिला कधी आठवण राहते, कधी नाही. पाहुणे म्हणतात, तुमचं घड्याळ चुकतंय. ती हसून सोडून देते.

तिला सात वर्षांची मुलगी आहे. तिला आपली भाषा समजते, उत्तर मात्र ती इथल्या भाषेत देते. ती आईवर गेली होती, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. होती म्हणालो, कारण गेल्या महिन्यापासून ती गप्प झाली आहे. टिकटिक दवाखान्यातून दमून येते आणि म्हणते, "मोठी झाली माझी लेक. शांत झाली."

हे वाक्य मी पूर्वी ऐकले आहे.

मागच्या आठवड्यात ती मुलगी शाळेतून आली. घरात कोणी नव्हते. तिने स्टूल ओढले, माझे खालचे दार उघडले आणि घडी घातलेला कागद लंबकामागे ठेवला. तिला ही जागा कोणी दाखवली नाही. चिठ्ठ्यांची गोष्ट टिकटिकने तिला अजून सांगितलेली नाही. परवा दुसरा कागद आला, काल तिसरा. तिची बोटे गार होती. ती इथेच जन्मली, तिचे कागद पक्के आहेत, तिला कोणी परत पाठवणार नाही. मग ती कशाला भिते आहे? मला वाचता येत नाही. पूर्वी एकोणीस चिठ्ठ्या साठल्या तेव्हा कुठे मी बंद पडलो आणि त्या बाहेर आल्या. तेवढा वेळ आता जायला नको.

मित्रांनो, तुमच्या घरात जुने घड्याळ असेल तर त्याला वेळच्या वेळी किल्ली द्या, त्याची धूळ पुसा, ते वेगळी वेळ दाखवत असेल तर ती कोणाची आहे, हे विचारा. आम्हा म्हाताऱ्यांचे मागणे एवढेच असते. पण माझे आणखी एक आहे. घरातले बडबडे पोर एकाएकी गप्प झाले तर ते मोठे झाले म्हणून कौतुक करू नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा.

आणि टिकटिक, तुला ऐकू येत असेल तर ऐक. मी बंद पडायची वाट बघू नकोस. आज आल्यावर माझे खालचे दार उघड. स्टूल तुझ्या लेकीने परत जागेवर ठेवलेले नाही, ते अजून माझ्या खालीच आहे.